लंडनच्या भुयारांचा शिल्पकार : जोसेफ बॅझलजेट

इंग्लंडची राजधानी लंडन हे नगर टेम्स नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. समुद्राचे पाणी भरतीच्या वेळी या नदीच्या मुखातून थेट नगरापर्यंत चढून येते आणि ओहोटीबरोबर पुन्हा मागे फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनची वस्ती पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. राजसत्ता, व्यापार, विद्या आणि कला यांचे तेथे माहेरघर होते. परंतु या सर्व वैभवाच्या पायाशी एक भयंकर शत्रू दबा धरून बसला होता. नगरातील घाण हाच तो शत्रू. त्याच्याशी ज्या पुरुषाने चाळीस वर्षे चिकाटीने झुंज दिली, त्याचे नाव जोसेफ विल्यम बॅझलजेट.

जोसेफचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेस असलेल्या एनफील्ड या गावी झाला. त्याचे घराणे मूळचे फ्रान्समधील. आजोबा इंग्लंडात येऊन शिवणकामाच्या व्यवसायात नावारूपास आले आणि संपन्न झाले. वडील इंग्लंडच्या आरमारात अधिकारी होते. सतराव्या वर्षी जोसेफ हा जॉन मॅकनील या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्या काळी अभियंत्याचे शिक्षण मुख्यतः अशा उमेदवारीतूनच होत असे. आयर्लंडमधील पाणथळ जमिनींतून चर खणून पाण्याचा निचरा करणे आणि ती भूमी लागवडीखाली आणणे, हे काम तेथे त्याला जवळून पाहावयास मिळाले. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, किती उतार दिला असता ते गाळ साचू न देता वाहते, याचे ज्ञान त्याला कोवळ्या वयातच झाले. पुढे हेच ज्ञान एका महानगराच्या उपयोगी पडले.

इ. स. १८४२ मध्ये बॅझलजेट यांनी लंडनमध्ये स्वतःची कचेरी थाटली. तो आगगाडीच्या उत्कर्षाचा काळ होता. देशभर लोहमार्ग टाकण्याची अहमहमिका लागली होती आणि अभियंत्यांना क्षणाची उसंत नसे. बॅझलजेट यांनी इतके कष्ट घेतले, की १८४७ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली आणि त्यांना काम सोडून खेड्यात विश्रांतीसाठी जावे लागले. बरे होऊन परतल्यावर १८४९ मध्ये लंडनच्या गटारांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगात त्यांनी साहाय्यक सर्वेक्षकाची नोकरी धरली. लोकांच्या दृष्टीने हे काम मानाचे नव्हते. परंतु नगराचे जीवनमरण त्याच कामावर अवलंबून होते.

लंडनच्या जमिनीखाली गटारे जुन्या काळापासून होती. पण ती पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली होती. रस्त्यांवर आणि छपरांवर पडलेले पावसाचे पाणी नदीत नेऊन सोडणे एवढेच त्यांचे काम. फ्लीटसारखे कित्येक ओढेही वर छत घालून त्यांत सामावून घेतले होते. घरातील मैला या गटारांत सोडणे हा इ. स. १८१५ पर्यंत दंडनीय अपराध मानला जाई. मैला घराखालच्या खड्ड्यांत साचे आणि रात्री गाड्या घेऊन येणारे लोक तो उपसून शेतांवर नेत. पुढे वस्ती वाढली, शेते दूर गेली आणि पाण्याने धुऊन निघणारी शौचकुपे घरोघर आली. त्यांच्या पाण्याने खड्डे भरून वाहू लागले. तेव्हा प्रथम मैला गटारांत सोडण्यास परवानगी मिळाली आणि १८४७ नंतर तर घरे गटारांना जोडणे सक्तीचे झाले. खड्डे बुजले, घरे स्वच्छ झाली. पण जी गटारे पावसाचे पाणी वाहण्यासाठी होती, ती सर्व नगराचा मैला टेम्समध्ये ओतू लागली. ओहोटीबरोबर खाली गेलेली घाण पुढल्या भरतीबरोबर पुन्हा नगरात येई. आणि याच नदीचे पाणी कित्येक कंपन्या नळांवाटे नागरिकांना पिण्यासाठी पुरवीत होत्या!

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. बंगालमधील गंगेच्या मुखप्रदेशातून १८१७ नंतर जगभर पसरत गेलेली पटकीची साथ १८३१ मध्ये इंग्लंडात पोहोचली होती. त्या पहिल्या साथीत लंडनमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. १८४८-४९ च्या साथीत चौदा हजारांहून अधिक आणि १८५३-५४ च्या साथीत दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सकाळी धडधाकट दिसणारा माणूस सायंकाळपर्यंत नाहीसा होई. घरेच्या घरे ओस पडली.

ही साथ कशामुळे येते, याविषयी त्या वेळी मोठा भ्रम होता. दुर्गंधीयुक्त दूषित हवा हेच रोगाचे मूळ, असे बहुतेक विद्वान मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांचे मत मात्र वेगळे होते. १८५४ मध्ये सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेवर माणसे दगावली. स्नो यांनी घरोघरी हिंडून चौकशी केली आणि मेलेले बहुतेक लोक एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते, असे दाखवून दिले. रोग हवेतून नव्हे, तर मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु पुष्कळ अधिकाऱ्यांना ते पटले नाही. बॅझलजेट यांच्या कार्याला चालना मिळाली, तीही प्रथम दुर्गंधी दूर करण्याच्या हेतूनेच. मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला, तर दुर्गंधीबरोबर रोगही जाणार होता. म्हणून कारण चुकीचे असूनही उपाय अचूक ठरला.

इ. स. १८५६ मध्ये सर्व लंडनसाठी महानगर कार्यमंडळ स्थापन झाले आणि बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता नेमले गेले. त्याच वर्षी त्यांनी आपली योजना मंडळापुढे ठेवली. योजनेचे मर्म साधे होते. जुनी गटारे नदीकडे उतरत येतात. तेव्हा नदीला समांतर अशी मोठी भुयारी गटारे पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधावी, त्यांनी जुन्या गटारांतील मैलापाणी वाटेतच अडवावे आणि नगराच्या पूर्वेस दूरवर नेऊन नदीत सोडावे. पण मैलापाणी नेमके कोठे सोडावे, यावर सरकारी खाते आणि मंडळ यांत वाद जुंपला. सरकारी मंत्र्याला नकाराधिकार होता. एकामागून एक नकाशे परत आले, पंच नेमले गेले, अहवालावर अहवाल झाले. दोन वर्षे गेली आणि कोठे एक वीटही बसली नाही.

माणसांच्या वादाचा निकाल अखेर निसर्गाने लावला. १८५८ चा जून महिना लंडनमध्ये अतिशय कडक उन्हाचा गेला. पाऊस नव्हता, नदीचे पाणी आटले आणि दोन्ही काठांवरील चिखलात मैला उघडा पडून कुजू लागला. टेम्सला अशी दुर्गंधी सुटली, की नदीकाठच्या पार्लमेंटच्या वास्तूत बसणे अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे विरंजक चुन्याच्या पाण्यात भिजवून टांगले, तरी सभासद नाकाला रुमाल लावून बाहेर पडत. इंग्लंडच्या इतिहासात हा उन्हाळा महादुर्गंधीचा उन्हाळा म्हणूनच ओळखला जातो. गरिबांच्या वस्त्यांत हजारो माणसे मेली तेव्हा जे काम हलले नाही, ते राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत वास पोहोचताच वेगाने हलले. अर्थमंत्री बेंजामिन डिझरायली यांनी विधेयक मांडले आणि अवघ्या अठरा दिवसांत, २ ऑगस्ट १८५८ रोजी, त्याचा कायदा झाला. मंडळाला तीस लक्ष पौंड कर्ज काढण्याची मुभा मिळाली व सरकारी नकाराधिकार संपला. दैवयोग असा, की ज्या जॉन स्नो यांनी पटकीचे खरे कारण सांगितले, ते त्याच जून महिन्यात अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निधन पावले होते.

१८५९ च्या आरंभी कामास प्रारंभ झाला. नदीच्या उत्तरेस तीन उंचीवर तीन आणि दक्षिणेस दोन अशी मुख्य गटारे आखली होती. मुख्य गटारांची एकूण लांबी ८२ मैल आणि त्यांना मिळणाऱ्या रस्त्याखालील गटारांची सुमारे ११०० मैल. गटारांचा आडवा छेद अंड्याच्या आकाराचा, निमुळती बाजू खाली अशा रीतीने ठेवला होता. यामुळे पाणी थोडे असले तरी ते अरुंद तळातून जोराने वाहते आणि गाळ साचू देत नाही. उतार मैलाला निदान दोन फूट राखला होता. जेथे उतार संपे, तेथे वाफेच्या प्रचंड यंत्रांनी मैलापाणी वर उचलून पुढच्या गटारात सोडण्याची योजना होती. डेप्टफर्ड, क्रॉसनेस, अ‍ॅबी मिल्स आणि चेल्सी येथे अशी पंपगृहे उभी राहिली.

या बांधकामास ३१ कोटी ८० लक्ष विटा लागल्या. परंतु विटांपेक्षाही बॅझलजेट यांचे लक्ष होते ते त्या विटा सांधणाऱ्या द्रव्याकडे. पोर्टलंड सिमेंट हे त्या काळी नवे होते. ते पाण्यात अधिक घट्ट होते. पण बनविताना थोडी जरी चूक झाली, तरी त्याचे बळ जाते. म्हणून एवढ्या मोठ्या सार्वजनिक कामात ते वापरण्यास इतर अभियंते कचरत. बॅझलजेट आणि त्यांचे सहकारी जॉन ग्रँट यांनी यावर उपाय काढला. आलेल्या सिमेंटचे नमुने घेऊन त्यांच्या लहान विटा पाडावयाच्या, त्या यंत्रावर ताणून पाहावयाच्या आणि जो माल कसोटीस उतरणार नाही तो परत पाठवावयाचा, असा नियमच त्यांनी घालून दिला. जमिनीखालचे काम एकदा मातीने झाकले गेले, की त्यातील दोष कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेथे काम करणाऱ्याचा प्रामाणिकपणा हाच खरा पहारेकरी असतो. बॅझलजेट स्वतः नकाशे तपासत, खोदलेल्या चरांतून हिंडत आणि लहानसहान बाबतींतही हयगय खपवून घेत नसत. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या गटारांचा फार मोठा भाग आजही काम देत आहे.

४ एप्रिल १८६५ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते क्रॉसनेस येथील पंपगृहाचे उद्घाटन झाले. तेथील चार यंत्रांना राजघराण्यातील व्यक्तींची नावे दिली होती. मात्र नगराच्या पूर्वभागातील काम अद्याप पुरे व्हावयाचे होते. पुढल्याच वर्षी, १८६६ मध्ये, पटकी पुन्हा आली आणि साडेपाच हजारांहून अधिक लोकांचा तिने बळी घेतला. पण या वेळी एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. नव्या गटारांना जोडलेल्या भागांत रोग फारसा पसरला नाही. ज्या पूर्व लंडनमध्ये गटारांचे काम अपुरे होते आणि जेथे पिण्याचे पाणी दूषित झाले होते, तेथेच त्याने थैमान घातले. दुःखद रीतीने का होईना, बॅझलजेट यांच्या योजनेची परीक्षा झाली आणि ती खरी ठरली. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ पुन्हा कधी आली नाही.

नदीकाठची सखल गटारे कोठून न्यावी, हा प्रश्न बॅझलजेट यांनी मोठ्या कल्पकतेने सोडविला. अरुंद आणि गजबजलेले रस्ते खणण्याऐवजी त्यांनी नदीच्या चिखलमय काठावरच भक्कम दगडी बांध घातले. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया बांधाच्या पोटात मुख्य गटार आहे, नळ नेण्यासाठी बोगदा आहे आणि भुयारी आगगाडीचा मार्गही आहे. वर प्रशस्त रस्ता व बागा आहेत. व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि चेल्सी या तीन बांधांमुळे ५२ एकर भूमी नगराला नव्याने मिळाली. १८७५ मध्ये राणीने त्यांना सर हा किताब दिला.

मोठ्या माणसांच्या कार्यालाही मर्यादा असतात आणि त्या सांगितल्याखेरीज त्यांचे चरित्र पुरे होत नाही. बॅझलजेट यांच्या योजनेने लंडन स्वच्छ झाले. पण मैला शुद्ध न होताच पूर्वेकडे नदीत जात होता. ओहोटी लागताच साठवण-तलावांची दारे उघडावयाची, म्हणजे पाणी घाण समुद्राकडे नेईल, अशी व्यवस्था होती. ३ सप्टेंबर १८७८ रोजी या जागेजवळच प्रिन्सेस अ‍ॅलिस ही प्रवासी आगबोट दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. काही वेळापूर्वीच तेथे मैलापाणी सोडलेले होते. त्यात सापडलेल्या लोकांची झालेली दशा पाहून सर्व देश हळहळला. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या सूचनेवरून रासायनिक द्रव्ये घालून मैल्यातील गाळ खाली बसवावयाचा, वरचे पाणी नदीत सोडावयाचे आणि गाळ जहाजांनी समुद्रात नेऊन टाकावयाचा, अशी पद्धत सुरू झाली. १८८७ मध्ये निघालेल्या पहिल्या गाळवाहू जहाजाला बॅझलजेट यांचेच नाव दिले होते.

दुसरी मर्यादा पावसाची. एकाच गटारातून मैला आणि पावसाचे पाणी वाहून न्यावयाचे, तर मुसळधार पावसात गटार फुटून घरांत पाणी शिरण्याचा धोका असतो. बॅझलजेट यांनी दिवसाला सुमारे पाव इंच पाऊस धरून गटारांची क्षमता ठरविली होती. त्याहून अधिक पाणी आले, तर ते बंधाऱ्यावरून ओसंडून जुन्या मार्गाने नदीत जावे, अशी सोय त्यांनी मुद्दाम ठेवली. असे प्रसंग क्वचित येतील, हा त्या काळचा हिशेब होता. पुढे लंडनची वस्ती कित्येक पटींनी वाढली. उघडी माती जाऊन तेथे फरशी व डांबर आले. जमिनीत मुरणारे पाणी थेट गटारांत धावू लागले आणि थोड्याशा पावसातही मैलापाणी नदीत ओसंडू लागले. अखेर नव्या पिढीच्या अभियंत्यांनी नदीखालून खोलवर २५ किलोमीटर लांबीचा आणि सुमारे सात मीटर व्यासाचा बोगदा खणला. ओसंडणारे पाणी त्यात साठते आणि पुढे शुद्धीकरणासाठी जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या बोगद्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या. बॅझलजेट यांनी अर्ध्यावर आणून सोडलेला प्रश्न अशा रीतीने दीडशे वर्षांनी पुढे सरकला.

बॅझलजेट यांच्या हयातीतच विज्ञानाने पटकीचे रहस्य उलगडले होते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ मध्ये प्रथम इजिप्तमध्ये आणि नंतर आपल्या कलकत्त्यात संशोधन करून पटकीचा जंतू ओळखला व तो पाण्यातून पसरतो हे दाखविले. आज आपल्याला त्याहूनही पुढची गोष्ट ठाऊक आहे. आकाशातून पडणारा पाऊस स्वच्छ असतो. पण तो नगराच्या रस्त्यांवरून वाहत जाताना जनावरांची व पक्ष्यांची विष्ठा, कचरा आणि फुटक्या गटारांतील मैला आपल्याबरोबर नेतो. विशेषतः कोरड्या दिवसांनंतर येणाऱ्या पहिल्या सरींत जंतूंची संख्या फार मोठी असते. म्हणून रस्ते झाडून कोरडे व स्वच्छ ठेवणे, मैल्याचे नळ पावसाच्या नाल्यांना चुकून जोडले गेले असल्यास ते शोधून तोडणे, पाणी मातीत व वाळूत मुरू देणे, तळ्यांत ते काही काळ थोपवून गाळ खाली बसू देणे आणि सूर्यप्रकाशाने जंतू मरू देणे, असे उपाय आता अनेक ठिकाणी योजले जातात. माती, वाळू आणि सूर्यप्रकाश हे निसर्गाचे जुनेच सेवक आहेत. नगरे बांधताना माणसाला त्यांचा विसर पडला होता.

१८८९ मध्ये महानगर कार्यमंडळ विसर्जित झाले आणि बॅझलजेट निवृत्त झाले. त्याआधी त्यांनी अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद भूषविले होते, तसेच हॅमरस्मिथ, पटनी व बॅटरसी येथील पूलही त्यांच्याच योजनेनुसार बांधले गेले. १५ मार्च १८९१ रोजी विंबल्डन येथील राहत्या घरी त्यांचे देहावसान झाले. व्हिक्टोरिया बांधावर त्यांचे एक लहानसे स्मारक आहे. त्याच्या समोरून रोज हजारो लोक जातात. त्यांतील थोड्यांचेच तिकडे लक्ष जाते. पण त्या सर्वांच्या पायाखालून, विटांच्या त्या अंधाऱ्या मार्गाने, बॅझलजेट यांचे कार्य अखंड वाहत असते.

ज्या कामाकडे पाहून लोक नाक मुरडतात, ते काम पत्करावयाचे, ते उत्तम रीतीने पार पाडावयाचे आणि ते डोळ्यांआड होणार हे ठाऊक असूनही त्यात कसूर करावयाची नाही, हा त्यांच्या चरित्राचा धडा आहे. रोगाने किती जीव गेले याची नोंद दप्तरात सापडते. परंतु स्वच्छतेमुळे किती जीव वाचले, याची गणती कोणत्याही वहीत होत नाही. आपल्या घरासमोरून वाहणारा पावसाचा ओहोळ शेवटी कोणाच्या तरी पाण्यात जाऊन मिळतो. तो निर्मळ ठेवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, हे ज्याने ओळखले, त्याने बॅझलजेट यांचे चरित्र खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणावे लागेल.